धुराचं सोवळं



बरेच दिवस मनात साचलेलं आज लिहून टाकते. विषय खाण्याचा आहे, आणि तोही डुकराच्या बरगड्यांचा. ज्यांना हे चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, मला मुळीच राग येणार नाही. बाकीच्यांनी जरा सरसावून बसा, कारण मी आज भांडायच्या तयारीने आले आहे.

भांडण कशाचं? तर अमेरिकेत 'बार्बेक्यू रिब्ज' नावाचा जो पदार्थ आहे, त्याच्याभोवती एक सोवळं उभं राहिलंय. धुराचं सोवळं. अंगणात स्मोकर पाहिजे, त्यात हिकरीचं नाहीतर सफरचंदाचं लाकूड पाहिजे, सहा तास त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला पाहिजे, तरच त्या रिब्ज. घरातल्या ओव्हनमध्ये केल्या की त्या बाटल्या! आमच्या लहानपणी सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ओवळ्याचा हात लागला की जे व्हायचं, तेच. फरक एवढाच की तेव्हाचे लोक निदान देवाचं नाव तरी पुढे करत.

माझं म्हणणं आधीच सांगते. साध्या ओव्हनमध्ये, स्मोकर नसताना, रिब्ज उत्तम होतात. मऊ होतात, रसाळ होतात. मांस मऊ करणं हे धुराचं कामच नव्हे. ते उष्णतेचं आणि वेळेचं काम आहे. धूर चव देतो, छान देतो. पण त्या चवीच्या नावाखाली ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांना ताटावरून उठवायचं, हे मला मान्य नाही.

माझी मुलगी कॅन्सस सिटीत राहते, मिझुरीच्या बाजूला (हे शहर दोन राज्यांच्या हद्दीवर पसरलंय, नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो). मी निवृत्त झाल्यापासून दर दोन-तीन वर्षांनी तिच्याकडे जाते. तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, लाकडी बाल्कनी. भाडेकरारातच लिहिलंय की बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही. नियम योग्यच आहे, लाकडी इमारत पेटायला वेळ लागत नाही, आणि तिकडच्या बहुतेक अपार्टमेंटमध्ये हाच नियम असतो. म्हणजे स्मोकर असणं-नसणं ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. स्वतःचं घर आणि मागे अंगण आहे का, एवढाच तो प्रश्न आहे.

गेल्या खेपेला तिच्याकडे आठ-दहा मराठी मंडळी जेवायला होती. मी आणि तिने मिळून दुपारभर रिब्ज केल्या होत्या. एका तरुणाने तुकडा उचलायच्या आधीच विचारलं, "स्मोकर कुठला घेतलात?" ओव्हनमध्ये केल्यात म्हटल्यावर हसून म्हणाला, "काकू, मग हे बार्बेक्यू नव्हे हां. हे नुसतं भाजलेलं डुक्कर." त्याचं मला काही वाटलं नाही, चाळीस वर्षं वर्गात असली वाक्यं ऐकली आहेत. वाईट वाटलं ते माझ्या मुलीच्या उत्तराचं. "सॉरी रे, आमच्याकडे स्मोकर नाही ना, म्हणून आपल्या अशाच केल्यात."

आपल्या अशाच! सकाळी सातला उठून मसाला चोळलेला, तीन तास राखण केलेली, आणि म्हणे अशाच. स्वतःच्या टेबलावर वाढलेल्या चांगल्या अन्नाबद्दल तिने माफी मागितली. हा लेख त्या 'सॉरी'मुळे लिहिला जातोय.

आता मुद्द्यावर येऊ. बरगड्यांमधलं मांस चिवट का असतं? जनावर श्वास घेतं तेव्हा ते स्नायू सतत काम करतात, म्हणून त्यांच्यात जोडणाऱ्या तंतूंचं जाळं भरपूर असतं. त्या तंतूंतल्या मुख्य प्रथिनाला कोलॅजन म्हणतात. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, ओलसर वातावरणात, सावकाश, या कोलॅजनचं जिलेटिन होतं. आपल्याला हे नवं नाही. पायाचं सूप रात्रभर ठेवलं की सकाळी ते खरवसासारखं थरथरतं, ते जिलेटिनच. आता पाया काय कुणी हिकरीच्या धुरात करतं? मंद आचेवर झाकण ठेवून करतात. तत्त्व तेच.

म्हणूनच 'शिजलं' आणि 'मऊ झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा एवढं पुरेसं ठरवलं. खायला सुरक्षित. पण ६३ अंशांवर काढलेली रिब चावून बघा, जबडा दुखेल. ती मऊ लागायला आतलं तापमान ९० ते ९५ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि तेही घाई न करता. ही उष्णता लाकडाची आहे, गॅसची आहे की विजेची, हे कोलॅजनला कळत नाही.

सोवळेकरी मंडळींना माझा एक प्रश्न आहे. तिकडे '३-२-१' नावाची पद्धत फार लोकप्रिय आहे. तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, एक तास सॉस लावून. बरं, त्या मधल्या दोन तासांत, फॉइलच्या आत, धूर कुठून जातो? जातच नाही! त्या दोन तासांत बरगड्या स्वतःच्या वाफेत शिजतात आणि त्यांना खरा मऊपणा बराचसा तिथेच येतो. म्हणजे स्मोकरवाला जे काम स्मोकरमध्ये फॉइल गुंडाळून करतो, तेच काम आम्ही ओव्हनमध्ये फॉइल गुंडाळून करतो. त्याचं ते तंत्र, आमची ती लबाडी?

आणि हल्ली जे पेलेट ग्रिल निघालेत, त्यांची तर गंमतच आहे. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा आत ढकलतो, पंखा हवा घालतो, थर्मोस्टॅट तापमान राखतो आणि मालक दिवाणखान्यात बसून फोनवर आकडा बघतो. अहो, याला आमच्याकडे ओव्हन म्हणतात. जरासा धूर येणारा ओव्हन. तो घेणारा माणूस मला आगीची तपश्चर्या सांगायला लागला की मी चहा टाकायला उठते.

त्या प्रसिद्ध गुलाबी कडीचंही तेच. स्मोकरमधल्या मांसाच्या कडेला आत गुलाबी पट्टा दिसतो, त्याचे फोटो काढून लोक मिरवतात. धुरातल्या वायूंची मांसातल्या मायोग्लोबिनशी क्रिया होऊन तो रंग येतो. रंग. चव नव्हे. मांस टिकवायचं नायट्राइटचं मीठ चोळून तो पट्टा ओव्हनमध्येही आणता येतो. खुद्द कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्ये परीक्षकांना सांगितलेलं असतं की गुण देताना ही कडी बघू नका.

इतिहास शिकवलाय म्हणून सवयीने इतिहासात शिरते. कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यूचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते हेन्री पेरी. कृष्णवर्णीय गृहस्थ, मेम्फिसजवळचे. १९०८ च्या सुमारास ते शहरातल्या कापड कारखान्यांच्या भागात एका गल्लीतून मांस विकू लागले. बरगड्यांची अख्खी पट्टी पंचवीस सेंटला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. गिऱ्हाईक कोण? आसपासचे कामगार. शहरात मोठे गुरांचे बाजार आणि कत्तलखाने होते, चांगले तुकडे पैसेवाल्यांकडे जात आणि हाडांचा भाग स्वस्तात मिळे. जे इतरांना नको होतं ते पेरींनी सोनं करून विकलं. त्यांच्याकडून ही विद्या चार्ली ब्रायंट आणि मग त्यांचा भाऊ आर्थर ब्रायंट यांच्याकडे गेली.

यावर कुणी म्हणेल, "बघा, पेरींची कला धुराचीच होती, आणि तुम्ही ओव्हन लावून ती पुसताय." हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण यात तथ्य आहे. लाकडाच्या आगीवर मांस भाजण्याची ही कला गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय आचाऱ्यांनी घामाने कमावली आहे, आणि तिचं श्रेय त्यांचंच. पातळ, निळसर, स्वच्छ धूर तासन् तास राखणं सोपं नाही; तो जरा काळवंडला की मांस कडू होतं. जे ही कला जाणतात त्यांच्यापुढे मी हात जोडते. मुलीकडे गेले की त्यांच्या दुकानात रांगेत उभी राहून पैसे देऊन खाते. नावाचाच आग्रह असेल तर ते नावही तुमच्याकडेच ठेवा, मी 'ओव्हनमधल्या रिब्ज' म्हणेन. पण कामगाराला पंचवीस सेंटमध्ये कागदात मिळणाऱ्या अन्नाचा वारसा सांगताना हजार डॉलरचं यंत्र हे प्रवेशाचं तिकीट करायचं, हे पेरींच्या वारशात कुठे बसतं?

शिवाय सगळे नावाजलेले लोक तरी धूरच वापरतात असं कुठंय? मेम्फिसमध्ये रेंदेव्हू नावाचं जुनं तळघरातलं हॉटेल आहे, चार्ली व्हर्गोस यांनी १९४८ साली सुरू केलेलं. तिथल्या रिब्ज थेट कोळशाच्या आचेवर भाजतात, तासन् तास धुरात ठेवत नाहीत. जगभरातून लोक येऊन खातात. आणि बाटलीतला धूर, ज्याच्या नावाने हे लोक नाक मुरडतात, तो विकायला कुठे सुरू झाला? खुद्द कॅन्सस सिटीत! अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ साली लाकडाचा धूर थंड करून, त्याचं पाणी बाटलीत भरून विकायला काढलं. म्हणजे पेरींच्या गल्लीतल्या दुकानाच्याही आधी. तेव्हा परंपराच मोजायची तर बाटली थोरली ठरते.

अजून एक बोलायचं राहिलं, आणि ते बोलल्यावर काही भाचे-पुतणे माझ्याशी बोलायचे बंद होतील. अंगणातल्या स्मोकरशेजारी उभी दिसते ती माणसं बहुतेक पुरुष. वर्षातून चार वेळा एप्रन बांधायचा, हातात बियर, आणि त्याला 'पिटमास्टर' ही पदवी. आत त्याच वेळी कोशिंबीर, बटाट्याचं सॅलड, मक्याचा पाव, मुलांचा वरणभात कोण करत असतं? जी वर्षाचे तीनशे साठ दिवस त्या ओव्हनपुढे उभी असते ती. तिच्या ओव्हनला मात्र 'शॉर्टकट' म्हणायचं. लग्नातल्या आचाऱ्याचं कौतुक आणि घरच्या बाईने रोज केलेल्या भाताला नाव नाही, हे आपल्याकडेही आहेच. पाट्यावरच्या चटणीचे गोडवे गाणाऱ्यांत स्वतः वरवंटा फिरवलेला मला अजून भेटायचाय.

आता मी सोवळं मोडा म्हणतेय म्हणून काहीही चालेल असं मात्र नाही. रिब्ज आधी पाण्यात उकळून मग वर सॉस फासणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझं दुसरं भांडण आहे. उकळल्यावर मांसाचा अर्क पाण्यात उतरतो आणि ते पाणी मोरीत जातं. प्रेशर कुकरचंही तसंच. मऊ होतात, नाही असं नाही, पण वरची खरपूस साल कधीच येत नाही आणि एक शिटी जास्त झाली तर हाडं एकीकडे, लगदा एकीकडे. 'हाडावरून गळून पडणाऱ्या' रिब्ज म्हणजे उत्तम, हाही गैरसमजच. त्या स्पर्धेतले परीक्षक तशा रिबला जास्त शिजलेली म्हणतात. चावा घेतला की तेवढंच मांस सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं, अशी पाहिजे. इथे सोवळेकरी बरोबर आहेत, आणि बरोबर आहे ते मी मान्य करते.

तर करायचं कसं? 'बेबी बॅक' म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या आखूड, वळणदार बरगड्या. त्या लवकर होतात. 'स्पेअर रिब्ज' पोटाकडच्या, जास्त चरबीच्या आणि मला जास्त आवडणाऱ्या. त्याच नीट चौकोनी कापल्या की 'सेंट लुईस' म्हणतात. हाडांच्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. सुरीच्या बोथट टोकाने एका कडेला उचलायचा आणि कागदी रुमालात धरून ओढायचा, सबंध निघून येतो. हे टाळू नका. तो शिजून मऊ होत नाही आणि मसालाही आत जाऊ देत नाही.

एका पट्टीला दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा धुरावलेली पाप्रिका, चमचाभर मिरपूड, थोडी लसणाची आणि मोहरीची पूड, तिखट आपल्या जिभेप्रमाणे. ही पाप्रिका ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरच्यांची असते, तेव्हा धूर हवाच असेल त्यांची सोय इथेच झाली. दोन्ही बाजूंनी चोळून जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. ओव्हन १३५ अंशांवर, म्हणजे तिकडच्या आकड्यात २७५. पट्टी फॉइलच्या दुहेरी थरात घट्ट गुंडाळून, मांसाची बाजू वर. बेबी बॅकला दोन ते अडीच तास, सेंट लुईसला तीन ते साडेतीन. मधेमधे उघडून बघायचं नाही. आमच्या वर्गात काही मुलं लावलेलं बी रोज उकरून बघायची, तसं होतं ते.

झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. चिमट्याने पट्टी एका बाजूने उचलायची. ती कमानीसारखी वाकली आणि वरचं मांस किंचित चिरलं की झालं. दोन हाडांच्या मधे टूथपिक लोण्यात गेल्यासारखी जायला हवी, आणि हाडांची टोकं बोटाच्या अर्ध्या पेराएवढी उघडी पडलेली दिसतात.

फॉइलमधला रस फेकलात तर माझी शपथ आहे. वरची चरबी काढून तो कढईत आटवायचा, त्यात टोमॅटो केचप, व्हिनेगर आणि मोलॅसिस घालायचं. मोलॅसिस म्हणजे आपल्या काकवीची सावळी, जराशी कडवट बहीण; काकवीनेही काम भागतं. बाटलीतला धूर वापरायचा तर याच सॉसमध्ये, पाव चमचा, त्याहून थेंबही जास्त नाही, नाहीतर घराला आग लागल्याची चव येते. मग पट्टी उघड्यावर ठेवून सॉसचा पातळ हात द्यायचा आणि ब्रॉइलरखाली तीन-चार मिनिटं. या वेळात फोन आला तरी घ्यायचा नाही. साखर आहे, डोळ्यांदेखत जळते. पुन्हा एक हात, पुन्हा तीन मिनिटं. ही जी चकाकणारी, कडेला करपट साल येते तिने निम्मं समाधान होतं. सहा तासांच्या स्मोकरची काळी साल वेगळीच, ती इथे येत नाही. येते असं मी म्हणणारही नाही.

निखाऱ्यावर तूप सोडून, झाकण ठेवून धुरी द्यायची आपली पद्धत इथे चालेल का, असं मला एकीने विचारलं. आपल्या इकडच्या हवेशीर स्वयंपाकघरात, खिडक्या उघड्या ठेवून, झाकलेल्या पातेल्यात दोन-तीन मिनिटं जरूर द्या, छान वास लागतो. तिकडच्या बंद फ्लॅटमध्ये मात्र नको. धुराचा भोंगा वाजेल तो वाजेलच, पण पेटत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. आणि धुराच्या हट्टापायी कोळशाची शेगडी किंवा स्मोकर घरात आणायचा विचार तर कुणी स्वप्नातही करू नये.

इकडे भारतात करायचं तर अडचण ओव्हनची नाही, ओटीजीमध्ये अर्धी पट्टी आरामात मावते. अडचण खाटकाकडे येते. वसईला घ्या नाहीतर गोव्याला, बरगड्या म्हटलं की आपला माणूस सवयीने सत्तूर उचलतो आणि सुक्क्यासाठी करतात तसे बोटभर तुकडे करून मोकळा होतो. तेव्हा पैसे द्यायच्या आधीच सांगायचं, "दादा, सबंध पट्टी हवी, तोडायची नाही, वरची कातडी तेवढी काढून द्या," आणि तो हसला तरी तिथून हलायचं नाही. तुकडे झाले की मग त्यांचं विंदालूच करावं, तेही काही वाईट लागत नाही.